निरोगी नमुना

१२ नोव्हेंबर

सुरभीने आज दंडाची कातडी दिली. मसुराच्या डाळीएवढा तुकडा. डॉक्टरांनी जागा बधिर केली तेव्हा तिनं तोंड फिरवलं, पण तुकडा बाटलीत पडल्याबरोबर वाकून बघायला लागली.

"ताई, हा जिता राह्यते?"

"राहील. मी रोज त्याला खाऊ घालणार आहे."

"मंग माह्यापेक्षा त्याचंच बरं हाय. मले तर आज डबा खायालेबी टाइम नाही भेटला."

ती तशीच पट्टी बांधून ड्यूटीवर गेली. आमची सुरू, माझी धाकटी बहीण, दारव्हा-यवतमाळ एसटीवर कंडक्टर आहे. बोरी अरबच्या ज्या घरातून मी नागपूरला शिकायला गेले, त्याच घरात राहून तिनं दोन वर्षांपूर्वी ही नोकरी मिळवली. बाबांना माझ्या पीएचडीपेक्षा तिच्या खाकी कपड्यांचं कौतुक जास्त आहे, आणि मला त्याचा राग येत नाही.

इंद्रजित सरांनी यवतमाळलगत लोहाऱ्याच्या एमआयडीसीत चालवलेली ही प्रयोगशाळा तीन खोल्यांची. इथं निमन-पिक सी नावाच्या आजारात पेशीचं काय होतं ते मी बघते. आपण खातो त्यातलं कोलेस्टेरॉल पेशीत शिरतं, पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत जातं आणि तिथून बाहेर पडून कामाला लागतं. या मुलांत बाहेर पडायची वाटच बंद असते. पिशव्या भरत जातात. आधी यकृत, प्लीहा, मग मेंदू. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच आजार होतो. एवढंच साधं आहे, आणि त्यावर माणसं आयुष्य घालवतात.

आमची रुग्ण म्हणजे दारव्ह्याकडच्या तांड्यावरची संगीता. तिचा तुकडा नागपूरहून बर्फात आला, तिला मी अजून पाहिलेलं नाही. शेजारी ठेवून बघायला याच भागातली दोन निरोगी माणसं हवी होती. एक आमचा तंत्रज्ञ कपिल. दुसरी सुरभी. बाटल्यांवर फक्त आकडे: एक संगीता, दोन कपिल, तीन सुरभी. सरांना कोणाचा आकडा कोणता ते सांगायचं नाही, म्हणजे त्यांची नजर आधीच ठरून बसणार नाही.

२४ नोव्हेंबर

घरी आले. पहिल्या वेच्याचा कापूस पुढच्या खोलीत छातीइतका रचलाय. बाबांनी कापूस बघायला आलेल्या दलालाची नक्कल केली, बोंड नाकाशी धरून हुंगणारा. सुरभीला हसू आवरेना. हसता हसता तिचे गुडघे दुमडले आणि ती उभीच्या उभी कापसात कोसळली. मान एका बाजूला, हात ढिले. दोन क्षण तशीच. मग उठून पुन्हा हसली. तिला तशी पडलेली बघून आम्ही तिघं आणखी हसलो.

"अशीच हे ही," आई म्हणाली. "हसली का गळून जाते. आता तर जास्तच झालं."

किती दिवसांनी घर असं हसलं.

३ डिसेंबर

तिन्ही बाटल्यांत पेशी धरल्या. तुकड्याच्या कडेनं बाहेर पडतात आणि लांबट होऊन एकमेकींना लागून पसरतात, वाऱ्यावर एका अंगाला झुकलेल्या गव्हासारख्या. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही सारख्याच. आजारी कोणती, सांगता यायचं नाही.

संध्याकाळी सुरभीच्याच बसमध्ये बसले. बोरीला ती आधी उतरली. दांडा धरून, एकेक पाऊल चाचपत, पायाखाली पायरी आहे की नाही याची खात्री नसल्यासारखी. मागची बाई म्हणाली, "चाल ना व लवकर." मला तिनं दोनदा तिकीट दिलं. विचारलं तर म्हणते नवे बूट जड आहेत. मला वाटतं कोणी मुलगा मनात असावा. विचारीन एकदा.

१५ डिसेंबर

आईचा फोन. सुरभी ताटातलं सांडते, बोललेलं लगेच विसरते, विचारलं की चिडते. बाबांचं म्हणणं, नोकरीची गुर्मी आली. मी आईला म्हटलं, झोप पुरी होत नसेल. पेशींना आज नवं अन्न घातलं.

२ जानेवारी

काय लिहू कळत नाही. काल सुरभी थांब्यावर उतरताना तोंडावर पडली. उठवायला गेलेल्या लोकांशी ती बोलली तेव्हा जीभ जड. दोन प्रवाशांनी लेखी दिलं की कंडक्टरबाई दारू पिऊन होती. डेपोतून तपासणीला पाठवलं. रक्तात दारू नाही निघाली. तरी चौकशी होईपर्यंत गाडीवर जायचं नाही असं सांगितलंय. त्यांचंही काय चुकलं? बस भरलेली असते.

गावाला तपासणीचा कागद कोण वाचून दाखवणार? बाबा सकाळपासून शेतात आहेत. जाताना आईला एवढंच म्हणाले म्हणे, "तुरीतच झोपतो मी आता. गावात कोणतं तोंड घेऊन हिंडू?"

मी फोन केला. तिचं बोलणं खरंच जड येत होतं, शब्द एकमेकांत अडकत होते. मी विचारलं, "सुरू, खरं सांग, घेतली होतीस का?"

तिनं फोन ठेवला.

५ जानेवारी

घरी गेले. ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिची बॅग उघडली. काही नव्हतं. अर्धी पोळी आणि केसांच्या पिना. मनात आलं, बाटली दुसरीकडे लपवत असेल. नाही निघाली म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

९ जानेवारी

कपिलने घोळ घातला. महिनाभराचं काम वाया.

आज पेशी रंगवल्या. या रंगाचं असं आहे की तो कोलेस्टेरॉलला चिकटतो आणि अतिनील उजेडात निळा चमकतो. अंधाऱ्या खोलीत बघायचं. एक नंबर, जसं पुस्तकात तसंच: प्रत्येक पेशीच्या मध्याभोवती निळ्या ठिपक्यांची दाटी, तुडुंब भरलेल्या पिशव्या. दोन नंबर जवळपास काळा, कडेला फिकट रेघ. तीन नंबर लावला तर पुन्हा निळाच निळा.

म्हणजे तीनच्या बाटलीत एक नंबरच्या पेशी गेल्या. एकच पिचकारी दोन्हीकडे वापरली असणार. मी कपिलला सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, "मॅडम, तीन नंबरले म्या हातबी नाही लावला. थो तुम्हीच पाहता ना."

हे खरं आहे. तीन नंबर मीच सांभाळते. पण मग माझ्याकडून झालं म्हणायचं का? घरच्या कटकटीत हात कुठे, डोकं कुठे. सुरुवातीला गोठवून ठेवलेल्या पेशी आहेत, त्यांपासून पुन्हा सुरू करते. यावेळी सगळं मी एकटी, आणि प्रत्येक नंबरचा दिवस वेगळा.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाचं ताट सुरभीच्या हातून आलेल्या बायकांच्या मधोमध पडलं. एकीनं दुसरीला कोपर मारलं ते मी पाहिलं. आईनं खाली बसून तिळगूळ वेचला. सुरभी उभीच होती, भिंतीकडे बघत. "खाली बघून चालत जा ना," मी ओरडले.

१९ जानेवारी

सर म्हणाले, पेशी वाढेपर्यंत एकदा त्या मुलीला भेटून ये, आपण कोणासाठी बसलोय ते कळू दे. म्हणून आज तांड्यावर गेले. संगीताचे वडील लालसिंग कापूस घेऊन बाजारात गेले होते. आई नंदाबाई घरी होती.

संगीता तेरा वर्षांची. ओट्यावर भिंतीला टेकून बसवलेली. मला बघून हसली आणि मान एकदम लटकली. नंदाबाईनं सवयीनं पाठीमागून हात घातला.

"हसली का अशी गळते, मॅडम. आमाले आधी वाटे नखरे करून राह्यली. मास्तर मारे, अक्षर बिघडलं म्हणून. म्याबी मारलं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "जन्मली तवा कावीळ लय दिवस उतरलीच नाही. मंग सारं बरं झालं. सात-आठ वर्सं काहीच नाही. आमी इसरूनबी गेलतो."

जेवण आलं. संगीतानं ताट दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांसमोर धरलं. भाजीचा ओघळ कोपरापर्यंत आला.

"खाली पाहाले डोयेच जात नाही तिचे," नंदाबाई म्हणाली. "पायरी असो का ताट असो. समोरचं सारं दिसते, पायाखालचं दिसत नाही."

पोरगी काहीतरी बोलली. मला एकच शब्द कळला, याडी, म्हणजे आई. बाकीचे शब्द एकमेकांत अडकलेले. नंदाबाईला मात्र सगळं कळलं, तिनं पाणी दिलं.

निघताना तिनं विचारलं, "तुमी थे कातडीचं पाह्यता ना? काय दिसते त्यात?" मी सांगितलं, पिशव्या भरलेल्या दिसतात, निळ्या. "मंग रिकाम्या करता येत नाही?" म्हटलं, तेच शोधतोय.

परत येताना बोरीला उतरायचं होतं, आईला तसं सांगितलंही होतं. बस थांबली, मी उठले नाही. सरळ यवतमाळला खोलीवर आले. का कोण जाणे. दमले असेन.

२२ जानेवारी

घरून दोनदा फोन आला. उचलला नाही. पेशी छान धरतायत.

२८ जानेवारी

सरांना अंधाऱ्या खोलीत बसवून तिन्ही काचा एकापाठोपाठ दाखवल्या. आकड्यांपलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं.

"एक आणि तीन आजारी. दोन निरोगी," ते म्हणाले. "काम स्वच्छ झालंय. हे दोघं एकाच घरातले का?"

"सर, रुग्ण एकच आहे."

"मग तीन कोण?"

"माझी बहीण."

तीन नंबरची काच अजून दिव्याखाली होती. उजेड चालू ठेवला की हा निळा रंग विझत जातो, म्हणून आम्ही घाईघाईने फोटो काढतो. आज कोणी काढला नाही. तो आमच्यासमोर पूर्ण विझला.

मी म्हटलं, "वाहक असेल ना सर? एक प्रत खराब, एक चांगली. वाहकाला काही होत नाही."

"वाहकाच्या पेशीत थोडी गर्दी दिसते कधीकधी. इतकी नाही."

"पण पंचवीस वर्षांची आहे ती. नोकरी करते."

"हा आजार मोठेपणीही वर येतो, अर्पिता. तुला माहीत आहे." मग हळूच विचारलं, "तिला काही त्रास?"

मी नाही म्हणाले. स्पष्ट नाही म्हणाले. आणि त्यानंतर माझ्या तोंडून एकेक बाहेर यायला लागलं. कापसात पडली ते. बसची पायरी. ताट. जीभ. मीच बोलत होते आणि मीच ऐकत होते. संक्रांतीला तिला काय ओरडले, ते सगळ्यांत शेवटी सांगितलं. सरांनी खोलीतला दिवा लावला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

२९ जानेवारी

सकाळच्या बसने घरी. सुरभी अंगणात खाटेवर होती. महिनाभर घरात बसून तिचा चेहरा सुजल्यासारखा झालाय. मी तिच्यासमोर बसले.

"मान हलवू नको. नुसत्या डोळ्यांनी माझ्या बोटाकडे बघ."

"हे काय नवीन आता?"

"बघ ना सुरू."

डावीकडे नेलं, डोळे आले. उजवीकडे आले. वर आले. बोट खाली नेलं तशी तिनं हनुवटी खाली केली. मी एका हातानं हनुवटी धरली आणि पुन्हा बोट खाली नेलं. तिच्या पापण्या फडफडल्या, कपाळाला आठ्या पडल्या. डोळे जागेवरून हलले नाहीत. माझ्या चेहऱ्याकडेच राहिले.

"झालं? पास का नापास?" ती म्हणाली.

मी आईबाबांना बोलावलं आणि एका दमात सांगितलं. आजाराचं नाव, पेशी, सगळं. पक्कं निदान नागपूरचे डॉक्टरच जनुकाची तपासणी करून देतील हेही सांगितलं, पण माझ्या आवाजावरून त्यांना कळलं असावं. आई म्हणाली, "कावीळ झालती हिले. दोन महिने नव्हती उतरली. तू ल्हान होती, तुले आठवत नसन." बाबा म्हणाले, "दवाई हे का नाही तेवढं सांग."

"आहे. ती आजार थांबवत नाही बाबा. हळू करते."

कोणी रडलं नाही. सुरभी एकेकाकडे बघत होती, मान वळवून वळवून.

"म्हंजे मी पेत नव्हती, हे यायले आता पटलं ना?" ती मला म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली.

"अन् तुले, ताई?"

मी तिचा हात हातात घेतला. तिनं काढून घेतला नाही. पण तो नुसताच पडून होता.

१ फेब्रुवारी

कपिलची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. माहीच चूक असती त बरं झालं असतं."

६ मार्च

नागपूरचा अहवाल आला. दोन्ही प्रती बिघडलेल्या. संगीताच्या घरातला बिघाड वेगळा, आमचा वेगळा. आमचा दोन्हीकडून अगदी एकच, म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेला. डॉक्टरांनी विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का. आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. बाबा बाकावर बसले होते. "मामानं लय हौसेनं देली होती," एवढंच म्हणाले. आईनं पदराचं टोक दातात धरलं आणि परतीच्या पूर्ण वाटेत सोडलं नाही.

गोळ्या पुढच्या आठवड्यात सुरू होतील.

१० मार्च

बाबा सुरभीला घेऊन डेपोत गेले होते. मला आईनं सांगितलं. स्वच्छ धोतर, टोपी. ड्रायव्हर-कंडक्टर बसतात त्या खोलीत उभे राहून म्हणाले, "माही पोरगी दारू पेत नाही. तिले आजार हे. ज्यानं कोनं म्हटलं असन त्यानं आता तिच्या तोंडावर म्हणावं." एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सुरभीला खुर्ची दिली. साहेबांनी सांगितलं, गाडीवर नाही पाठवता येणार, ऑफिसातलं काही काम बघतो. ती येताना म्हणे बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि थांब्यांची नावं एकेक करून घेत होती, आपल्याशीच.

गावात आता दारूचं कोणी बोलत नाही. रक्तातला आजार आहे असं बोलतात. बाबांचा एक जुना स्नेही माझ्यासाठी आर्णीचं स्थळ आणणार होता. त्याचा फोन येणं बंद झालंय.

१२ मार्च

सुरभीला तिच्या पेशी बघायच्या होत्या. सूक्ष्मदर्शकात वाकून तिला बघता येत नाही, म्हणून पडद्यावर लावल्या. अंधारात तिच्या तोंडावर निळा उजेड पडला. ती म्हणाली, "दिसाले त सुंदर हे व." शब्द थोडे जड, पण मला सगळे कळले. आता लक्ष देऊन ऐकते मी.

"ताई, तुह्या पाह्यल्या का?"

"नाही."

"काहून?"

मी पडदा बंद केला. सर, नागपूरचे डॉक्टर, सगळे तेच विचारतात. सख्ख्या बहिणीला चारात एक शक्यता. हे मी दर वर्षी प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते.

१६ मार्च

काल रक्त दिलं. उत्तर यायला काही आठवडे लागतील. मला काही झालेलं नाही. हात स्थिर आहेत, अक्षर जसंच्या तसं आहे, हे मी मागची पानं उलटून पाहिलं.

आज रविवार म्हणून घरी. आईनं गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात, त्या गोळा करायला मी वर गेले. टोपलं कमरेवर घेऊन जिना उतरायला लागले, तर खाली स्वयंपाकघराच्या दारात आई उभी. हात पिठानं भरलेले. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. मी थांबले तशी तिनं चटकन नजर काढून घेतली आणि विचारलं, "वायल्या का व मिरच्या?"

"वाळल्या," म्हटलं.

आणि उरलेल्या पायऱ्या मुद्दाम भराभर उतरले. एकदाही खाली न बघता.